वाचक विचारतात: तरीच्या शेडवर काय रंगवायचं, आणि ओहोटीला चालत जाता येतं का

मागच्या अंकात खाड्यांमधल्या बेटांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, तेवढ्यावरून एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. नावं छापत नाही, कारण गावं छोटी आहेत आणि एकाने लिहिलं की दुसऱ्याला लगेच कळतं.

प्रश्न: आमचं गाव खाडीतलं जुवं, म्हणजे बेट आहे, मालवण तालुक्यात. अलीकडच्या काठावर तरीची, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीची, वाट बघायला चिऱ्याची (जांभ्या दगडाची) जुनी शेड आहे, तिच्या भिंतीवर चित्र काढायला एका कंपनीकडून सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेले पैसे मिळतायत. मुंबईहून मुलं येणार रंगवायला. डिझाईन आलंय, डॉल्फिन आहेत आणि मधे दोन मोठे पंख, त्यांच्यामधे उभं राहून फोटो काढायचा. गावात दोन पार्ट्या पडल्यात. तुमचं मत काय आणि रंग टिकेल का?
— मंडळाचा सेक्रेटरी

उत्तर: सेक्रेटरीसाहेब, आधी पंख काढा. खरंच. ते पंख आता प्रत्येक गावात, प्रत्येक कॅफेच्या भिंतीवर आहेत, आणि तुमच्या शेडमधे बसणारी माणसं कोण आहेत ते बघा ना, बाजारातून पिशव्या घेऊन आलेल्या बायका, शाळेतून परतणारी पोरं, दवाखान्यातून येणारे म्हातारे. ही माणसं रोज तिथे बसतात, होडी पलीकडे असेल तर वीस मिनिटं अर्धा तास बसतात. पाहुणा एकदा येणार, फोटो काढणार आणि जाणार. मग भिंत कोणासाठी?

रोज बघायची भिंत असेल तर चित्रात खूप काही पाहिजे, म्हणजे आज एक दिसलं, उद्या दुसरं दिसलं असं. माझ्या डोक्यात तर एकच येतं, तुमची खाडीच काढा. वरून बघितल्यासारखी, नकाशा म्हणा हवं तर. कुठे खडक आहे, कुठे वाळूची भाट वर येते, कांदळवन कुठून सुरू होतं, पूर्वी तरीची होडी कुठून सुटायची, कुठल्या वळणाला काय म्हणतात. ही नावं सरकारी नकाशात नाहीत, ती होडीवाल्याच्या आणि कालवं काढणाऱ्या बायकांच्या तोंडात आहेत, आणि ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. मुंबईच्या मुलांना ब्रश हातात घ्यायच्या आधी दोन दिवस त्यांच्याबरोबर होडीतून फिरवा, डिझाईन आपोआप बदलेल.

आणि कलाकार मुंबईहूनच कशाला? पिंगुळी तुमच्यापासून लांब नाही, कुडाळच्या बाजूलाच. तिथले ठाकर लोक पिढ्यान् पिढ्या चित्रकथी करतायत, कागदावरची चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातल्या गोष्टी गाऊन सांगतात. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्यांनी घरच्या गोठ्यात म्युझियम सुरू केलं, ते बघायला तरी मुलांना घेऊन जा. गोष्ट सांगत पुढे सरकणारं चित्र वाट बघणाऱ्या माणसाला जेवढं चालेल तेवढं डॉल्फिन चालणार नाही. (आणि वारली तर अजिबात नको. वारली सुंदरच आहे, पण ती डहाणू-पालघरकडची. आपल्याकडे सरकारी भिंत दिसली की वारली काढायची सवय लागलीय, रत्नागिरीच्या शाळेतही वारली आणि सावंतवाडीच्या स्टँडवरही वारली.)

आता रंगाचं. चिऱ्याची भिंत पाणी पिते, पावसात भिजते आणि नंतर सुकताना आतलं मीठ बाहेर ढकलते, पांढरा खार फुटतो तो हाच. त्यावर तुम्ही ऑइलपेंट किंवा प्लास्टिकसारखा जाड थर मारलात तर भिंतीला श्वास घ्यायला जागा नाही, मग दुसऱ्या पावसाळ्यानंतर पापुद्रे निघायला लागतात आणि डॉल्फिनचं तोंड अर्धं गळून पडतं. जुन्या लोकांनी चुना वापरला तो काय उगाच नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात जुन्या देवळांवर कावीचं काम बघा, चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा बाहेर काढायचा, म्हणजे चित्र रंगवलेलं नसतं, भिंतीतच असतं. शंभर-दीडशे पावसाळे काढलेली कावी अजून उभी आहे. हे काम येणारे गवंडी आता फार कमी उरलेत, खर्च जास्त येईल, वेळ जास्त जाईल, पण एखादी छोटी भिंत तरी करून बघा. नाहीच जमलं तर चुन्यावर मातीचे रंग.

कुठली भिंत ते पण महत्त्वाचं. आपल्याकडे झड येते नैर्ऋत्येकडून, खाडीच्या तोंडाकडची भिंत जूनमधेच धुऊन निघते. आतली भिंत घ्या, नाहीतर पूर्वेची, आणि पागोळ्यांचं पाणी अंगावर येणार नाही एवढी वळचण वाढवून घ्या. काम दसऱ्यानंतर लगेच नको, भिंत आत ओलीच असते तेव्हा. जानेवारी-फेब्रुवारी बरा. कंपनीला मार्चच्या आत बिल पाहिजे असतं ते माहितीय मला, तरी तेवढ्यात होतं.

प्रश्न: माझी आजी सांगायची की लग्न होऊन आली तेव्हा ती ओहोटीला खाडी चालत ओलांडून बेटावर आली, लुगडं वर खोचून, आणि दर बाजाराला तसेच जायचे. आता तिथे होडीशिवाय कोणी जात नाही. हे खरं असेल का? आणि ओहोटी कधी असते ते पंचांगावरून कळतं म्हणतात ते कसं?
— पुण्यातून, मूळ राजापूर तालुका

उत्तर: खरं असणारच, आजीवर शंका घेऊ नका. खाडीतली बरीच बेटं अशीच होती, भरतीला होडी आणि मोठ्या ओहोटीला उतार, म्हणजे चालत ओलांडायची वाट. अलिबागचा कुलाबा किल्ला तर आजही तसाच आहे, ओहोटीला लोक चालत जातात, घोडागाडीने जातात, आणि वेळ चुकली की किल्ल्यावर बसून राहतात.

हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या धरली तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, साधारण अकरा-बारा म्हणा. शुद्ध असो वद्य असो, हिशोब तोच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी.

आता यातली गंमत बघा. पाणी सगळ्यात जास्त उतरतं ते उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोनेक दिवस. तेव्हा भरती दुपारी बारा-साडेबाराला, म्हणजे ओहोटी कधी? सकाळी सहा-साडेसहाला आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला. उजाडताना डोक्यावर टोपली घेऊन निघायचं, बाजार करायचा, भरती आपली दुपारी येऊन जाते आणि दिवे लागायच्या वेळेला परत उतार मिळतो. बाजाराचा दिवस आणि ओहोटी जुळली की तरीचे पैसे वाचले. अष्टमी-नवमीला मात्र भर दुपारी ओहोटी असली तरी भांग (उधाणाच्या उलट, कमी चढउताराचे दिवस) असतो, पाणी फारसं उतरतच नाही, त्या दिवशी होडी. तुमची आजी "दर बाजाराला" म्हणाली असेल तर तेवढं जरा मीठ लावून सांगितलेलं आहे.

पण हे वाचून चालायला जाऊ नका. हिशोब उघड्या किनाऱ्याचा आहे, खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक जास्त उतरते एक कमी. मुंबईकडे उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, दक्षिणेला राजापूर-मालवणकडे येईपर्यंत ते बरंच कमी होतं, त्यामुळे तुमच्याकडचे उतार आधीच अरुंद होते. आणि मुख्य म्हणजे वाळू. गेल्या काही वर्षांत खाड्यांमधून जो वाळूउपसा झालाय त्याने तळ बदलले, आजीच्या पायाखाली जिथे टणक रेव होती तिथे आज खड्डा असू शकतो नाहीतर कमरेएवढा चिखल. पावसाळ्यात तर नावच काढू नका, वरून नदीचं पाणी येतं तेव्हा ओहोटी नावालाच.

चालण्यापेक्षा एक काम करा. गावात अजून कोणी त्या वाटेने गेलेलं असेल तर त्यांना घेऊन मोठ्या ओहोटीला होडीतून तिथे जा आणि दोन्ही काठांवर वाट जिथे पाण्यात उतरायची त्या जागा दाखवायला सांगा. बहुतेक वेळा काहीतरी खूण सापडते, पाण्यात रचलेले जांभ्याचे चिरे, घासून गुळगुळीत झालेला कातळ, एखादं वडाचं झाड. दोन जागांचे फोटो, दोन नावं आणि कोणी सांगितलं ते, एवढं कागदावर आलं तरी पुष्कळ. वरच्या सेक्रेटरींच्या भिंतीवर अशाच गोष्टी यायला हव्यात.

प्रश्न: आमका पूल व्हयो, चित्रां नकोत. तुमी मासिकवाले चित्रांबद्दल लिवतास, आमच्या बेटार कोण आजारी पडलो तर रात्री होडी मिळाक दोन तास जातत. ह्याच्यार लिवा.
— एक त्रासलेला जुवेकर

उत्तर: बरोबर आहे तुमचं, आणि भिंतीच्या पैशातून पूल होतो असं कोणी तुम्हाला सांगत असेल तर तेही चूक आहे, भिंतीचे पैसे वेगळे आणि पुलाचे वेगळे. पूल मागाच. खाडीवरच्या पुलासाठी मुंबईच्या बेटांवरही लोक असेच वैतागले होते, माहीम आणि वांद्र्याच्या मधे होड्याच होत्या आणि पावसाळ्यात त्या उलटायच्या, सरकार पैसे देईना, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, टोल घ्यायचा नाही या अटीवर, आणि १८४०च्या दशकात तो रस्ता झाला. तुम्हाला अशी आवाबाई मिळायची नाही, पण ग्रामसभेचा ठराव, रात्रीच्या पेशंटच्या तारखा लिहिलेली वही आणि शाळेतल्या पोरांची संख्या, एवढं घेऊन जिल्हा परिषदेत गेलात तर तोंडी तक्रारीपेक्षा बरं वजन पडतं. पूल होईपर्यंत रात्रीसाठी एक मशीनची होडी आणि तिचा होडीवाला पंचायतीने पगारावर ठेवावा ही मागणी मला वाटतं त्याहून लवकर पदरात पडेल.

फक्त एक, पूल झाला म्हणून जुनी तर लगेच मोडीत काढू नका. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल १९२८चा, २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला हे कौतुकाचं, पण तिथे शेजारी दुसरा पूल होता म्हणून तेवढे दिवस निभावलं. बेटाला तर दुसरा पूलही नसतो.

प्रश्न: आमच्याकडे जुन्या तरीच्या पायऱ्यांजवळ एक उभा दगड आहे, त्यावर तीन कप्प्यांत माणसं कोरलेली आहेत, खालच्या कप्प्यात होडीसारखं काहीतरी. लोक हळदकुंकू वाहतात. आता सुशोभीकरणात त्याला ऑइलपेंट मारून भोवती टाइल्सचा ओटा करायचं चाललंय. थांबवावं का?
— शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: बाई, थांबवा. आजच्या आज.

तुमच्या वर्णनावरून तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड दिसतो. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर घेऊन जातायत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, डोक्यावर चंद्र-सूर्य, अशी साधारण मांडणी असते. खालच्या कप्प्यात खरोखरच होडी असेल तर ती फार मोठी गोष्ट आहे. बोरिवलीला एक्सरमधे असे वीरगळ आहेत, वल्ह्यांची रांग लावलेली जहाजं आणि त्यांवरची लढाई स्पष्ट दिसते, आणि ते यादव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात तेराव्या शतकात समुद्रात झालेल्या युद्धाचे असावेत असं अभ्यासक मानतात. तुमचा दगड तसाच असेल असं मी म्हणत नाहीये, होडी म्हणून जे दिसतंय ते नुसती नक्षीही असू शकते. त्यासाठी फोटो हवेत, आणि ते दुपारी नका काढू, सकाळी आठच्या आत किंवा उन्हं कलल्यावर काढा, तिरक्या उजेडात कोरीवकाम वर येतं. दगडाशेजारी एक पट्टी ठेवा मापाला. हे फोटो पत्रासकट राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

ऑइलपेंट एकदा बसला की तो काढताना दगडाची वरची साल निघते, त्याबरोबर नाकडोळे जातात. सिमेंटचा ओटा केला की पाणी खाली अडतं आणि दगड बुडाशी कुजायला लागतो. तारेचा ब्रश, ॲसिड, काहीही नको, मऊ कुंचला आणि साधं पाणी बस झालं. हळदकुंकवाला मात्र हात लावू नका, त्या पूजेमुळेच दगड इतकी वर्षं जागेवर राहिला, नाहीतर कोणाच्या तरी पायरीला लागला असता. ओट्याचे पैसे खर्चच करायचे असतील तर जरा लांबवर बसायला कठडा बांधा.

आणि गावातल्या लोकांना समजवायला तुमच्या जवळचंच उदाहरण आहे. मालवणला किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, त्यावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेत. १६६४ला सिंधुदुर्गाचं काम सुरू करायच्या आधी शिवाजी महाराजांनी तिथे पूजा केली असं सांगतात. समोर पाण्यात किल्ला, अलीकडे हा खडक. त्याला कोणी टाइल्स लावल्या नाहीत म्हणून तो बघायला लोक जातात. पाण्यापाशी थांबायच्या जागेला काहीतरी कोरून ठेवायचं हे आपल्याकडे सीएसआरच्या फार आधीपासून चालत आलंय.

प्रश्न: धक्क्यावर लोखंडी पत्र्याचा मोठा मासा उभारायचा विचार आहे, पंधरा फुटी. वेल्डर गावातलाच आहे, स्वस्तात होईल. चालेल ना?
— हर्णैच्या बाजूचा एक वाचक

उत्तर: पहिल्या वर्षी चालेल. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड किती टिकतं ते तुमच्या वेल्डरलाच विचारा, वर्षातून किती खिडक्यांचे गज बदलून देतो तो. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला, त्याआधी नटबोल्टना गंज चढल्याचं पत्रही गेलं होतं. त्यातून एवढं तरी घ्यायला हवं की किनाऱ्यावर उंच वस्तू उभी करायची तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही पाहिजे आणि दर वर्षीच्या देखभालीचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढलेले पाहिजेत. हे दोन्ही नसेल तर मासा आडवा करा, जमिनीलगत, चिऱ्यात किंवा काळ्या दगडात, पोरं वर चढून बसतील असा. किंवा जुनी, आता समुद्रात न जाणारी लाकडी होडीच धक्क्यावर आणून ठेवा, मोऱ्यावरचं (पुढच्या टोकावरचं) रंगकाम आणि नाव तसंच ठेवून. होडी रंगवणारे तुमच्याकडे आहेतच, दर नारळी पौर्णिमेच्या आधी ते काम करतातच, त्यांच्याइतका खाऱ्या हवेतल्या रंगाचा अनुभव कुठल्या आर्टिस्टला असणार?

प्रश्न: बाइकवरून किनाऱ्याने जायचंय, पूल टाळून जुन्या तरींच्या जागांवरून. होईल का आणि कधी जाऊ?
— ठाण्याहून

उत्तर: होईल. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, या सगळ्या ठिकाणी आता फेरीबोट आहे, बाइक-गाडी सगळं चढतं, दाभोळची २००३ला सुरू झाली. दाभोळ-धोपावेला बोटीत चढायच्या आधी आजूबाजूला जरा हिंडा, जुन्या बंदराच्या खुणा काठाकाठानेच असतात. मोकळ्या समुद्रातल्या किल्ल्यांच्या होड्या, जंजिरा, सिंधुदुर्ग वगैरे, जून ते ऑगस्ट बंद असतात, त्यामुळे तेही बघायचं असेल तर ऑक्टोबरनंतर निघा. गोव्यापर्यंत जाणार असाल तर पणजीहून रायबंदरकडे जाताना मांडवीच्या कडेने तीनेक किलोमीटरचा जो सरळ रस्ता लागतो तो पोर्तुगीजांनी १६३३-३४ला बांधलेला पूल आहे, गाड्या अजून त्यावरूनच जातात, आणि पुढे रायबंदरहून चोडणला, जुन्या गोव्याहून दिवाडीला फेरीबोट मिळते. सुट्टे पैसे जवळ ठेवा.